मातीचे मावळे, शिशाचे शिपाई

आमचे लोणी देवकर पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. इंदापूर तालुक्याचा हा सारा मुलूख सपाट. एकीकडे उसाचे फड, दुसरीकडे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या पत्र्यांची छपरे, आणि उत्तरेस उजनी धरणाचे पसरलेले पाणी. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले आणि त्यांची गढी इंदापुरात आहे, एवढा इतिहास आमच्या वाट्यास आला आहे. परंतु डोंगरी किल्ला म्हणाल तर तालुक्यात एकही नाही. आमच्या पोरांनी सह्याद्री पाहिला तो शाळेच्या सहलीत, तोही ज्यांच्या बापाजवळ सहलीचे पैसे असतील त्यांनी.

असे असूनही दिवाळी जवळ आली की आमच्या गावात घरोघर सह्याद्री उभा राहतो. विटांचे तुकडे, दगड, गोणपाट आणि वर चिखलाचा लेप. त्यावर अळीव आणि मोहरी पेरायची, गेरूने दरवाजे रंगवायचे, बाजारातून चित्रे आणायची. पुण्याकडे किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना चित्रेच म्हणतात. सिंहासनावर बसलेले शिवाजीमहाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफा, पहारेकरी. आणि खाली पायथ्याशी गवळण, भाजीवाली, शेतकरी, पैलवान, वासुदेव आणि गुहेतला वाघ.

आम्ही कामगार संघटनेचे काम करणारे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि संघटनेच्या बैठकांत झाले. इतिहासाचे पंडित आम्ही नव्हेत, आणि या व्यासपीठावर आमच्या आधी जे बोलून गेले त्यांची बरोबरी करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. आज जे सांगणार आहोत त्याचे मूळ एका भांडणात आहे. ते भांडण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी कामगारांच्या वस्तीतील तरुणांनी किल्ल्यांची स्पर्धा भरवली आणि आम्हांला परीक्षकांत बसवले. एका किल्ल्याच्या पायथ्याशी त्या मुलांनी अख्खा बाजार मांडला होता. गवळणी होत्या, बैलगाडी होती, पाण्याच्या हौदावर बाया होत्या. मावळे मात्र मोजके. आमच्यासोबतच्या एका परीक्षकांनी त्याचे गुण कापले. त्यांचे म्हणणे असे की, हा किल्ला आहे, जत्रा नव्हे. गवळण आणि भाजीवाली ही चित्रे ऐतिहासिक नाहीत. त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. एक गवळण महादरवाजापेक्षा उंच होती, आणि भाजीवालीच्या टोपलीत टोमॅटो होते, जे शिवकाळात आपल्याकडे कोणी पाहिलेले नव्हते. तरीपण मुख्य मुद्दा आम्हांला पटला नाही. मते घेतली गेली, आम्ही हरलो, आणि बक्षीस तोफा जास्त असलेल्या किल्ल्याला गेले. त्या दिवसापासून लढाई लहान करून मांडण्याच्या या कलेचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचीत आलो आहोत.

ही हौस फार जुनी आहे. आपले चतुरंग म्हणजे पटावर मांडलेली फौजच. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ, अशी सेनेची चार अंगे. आजच्या बुद्धिबळात उंटही आहे. पण तोही तिरपा धावून मारणारा उंट, पाठीवर धान्याची पोती वाहणारा नव्हे. युरोपात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत, 1668 पासून, सरहद्दीवरील तटबंदीच्या शहरांच्या मोठमोठ्या प्रतिकृती करवून घेण्यास आरंभ झाला. वेढा कसा घालावा आणि कसा मोडावा याचा विचार त्यांवर होई. पुढे प्रशियात राइस्विट्झ नावाच्या बाप-लेकांनी युद्धाचा खेळच तयार केला. बापाने 1812 मध्ये तो राजाला दाखवला. मुलाने 1824 मध्ये त्याचे नियम पक्के केले आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. नकाशा, ठोकळे, फासे आणि मध्ये बसलेला पंच, अशी त्याची रचना होती.

याच सुमारास खेळण्यातले शिपाईही बाजारात आले. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट यांच्या कारखान्यात कथलाचे चपटे सैनिक ओतले जाऊ लागले. लंडनमध्ये ब्रिटन्स या घराण्याने 1893 मध्ये शिशाचे पोकळ शिपाई काढले. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे आणि बाहेरचा थर गोठताच साचा उलटा करून आतले शिसे परत ओतून घ्यायचे. धातू कमी लागला, वजन कमी झाले, किंमत उतरली, आणि मध्यम वर्गाच्या मुलांच्या हाती पलटणी आल्या. एच. जी. वेल्स या लेखकाने 1913 साली अशा शिपायांनी जमिनीवर खेळण्याच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. त्याची इच्छा अशी की, माणसांनी खरी युद्धे सोडून ही लहान युद्धे खेळावीत. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत या खेळाचे छंदमेळे भरू लागले. लंडनचा ‘सॅल्यूट’ हा मेळा 1972 पासूनचा. तेथे मोठमोठ्या टेबलांवर टेकड्या, नद्या, गावे मांडतात आणि बोटाएवढे हजारो शिपाई उभे करतात. एकेका शिपायाच्या कोटाची बटणे कोणत्या रंगाची होती यासाठी ही माणसे जुनी दप्तरे धुंडाळतात. 2019 च्या जून महिन्यात ग्लासगो विद्यापीठात वॉटर्लूची लढाई वीस हजारांहून अधिक शिपाई मांडून पुन्हा खेळली गेली, आणि तीही माजी सैनिकांना हात देणाऱ्या एका संस्थेच्या मदतीसाठी. असल्या उद्योगाला पोरखेळ म्हणून हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. दिवसभर कचेरीत किंवा यंत्रावर काम करून रात्री दिव्याखाली बसून एकेक शिपाई रंगवणाऱ्याची चिकाटी आम्हांला आदराचीच वाटते.

परंतु या सर्व मांडण्यांत जी सर्वांत प्रसिद्ध, तिची हकीगत ऐकण्यासारखी आहे. वॉटर्लूची लढाई 18 जून 1815 रोजी झाली. तिची प्रतिकृती करण्याचे काम 1830 मध्ये विल्यम सायबोर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडे देण्यात आले. हा गृहस्थ रणभूमीवरच्याच एका शेतवाड्यात आठ महिने राहिला. त्याने जमिनीची पाहणी केली, कोणत्या शेतात त्या दिवशी कोणते पीक उभे होते याची चौकशी केली. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे धाडली, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही कोठे होता, समोर कोण होते, असे प्रश्न विचारले. शेकडो उत्तरे आली. मध्येच सरकार बदलले आणि पैसा बंद झाला. सायबोर्नने कर्ज काढून काम पुरे केले. सत्तर हजारांहून जास्त इवले इवले शिपाई असलेली ती प्रतिकृती 1838 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मांडली गेली आणि सुमारे एक लाख माणसांनी ती पाहिली. सायबोर्नच्या पदरात मात्र कर्जच राहिले.

आता खरी गोम सांगतो. त्या पत्रांवरून आणि प्रशियन सेनेकडून मिळालेल्या माहितीवरून सायबोर्नने प्रशियाची फौज मोठ्या संख्येने रणभूमीवर उभी केली होती. लढाईच्या निर्णायक वेळी ती फौज बाजूने येऊन पोहोचली होती, असा त्याचा अर्थ. वेलिंग्टनच्या गोटातील वजनदार मंडळींना हे रुचले नाही, कारण त्यामुळे विजयाचे श्रेय वाटले जात होते. त्यांनी सायबोर्नवर दडपण आणले. बरीच वर्षे तो नमला नाही. शेवटी कर्जाने आणि उपेक्षेने जेरीस येऊन त्याने सुमारे चाळीस हजार प्रशियन सैनिक दाखवणारे शिपाई आपल्या हाताने उचलून काढले. लंडनच्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयात ती प्रतिकृती आजही आहे. त्या शिपायांवाचून आहे.

हे आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. चाळीस हजार माणसे रणात होती, लढली, त्यांतली काही मेली, आणि बऱ्याच वर्षांनी एका टेबलावरून गैरहजर झाली. आमच्या धंद्यात याला हजेरीपट खोटा करणे म्हणतात.

आणखीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सायबोर्नची पत्रे गेली ती अधिकाऱ्यांना. बंदुकीचा घोडा ओढणाऱ्या साध्या शिपायाला कोणी विचारले नाही की, बाबा रे, सात वाजता तू कोठे होतास? म्हणजे शिपाई वगळले जाण्यापूर्वीच त्यांची साक्ष वगळली गेली होती.

या वेलिंग्टनची आणि आपली ओळख जुनी आहे. तो वेलिंग्टन होण्यापूर्वी आर्थर वेलस्ली होता, आणि 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावापाशी दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी लढला. केळना आणि जुई या दोन नद्यांमधली ती जागा. शिंद्यांच्या कवायती पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि शेवटपर्यंत तोफा न सोडणारे गोलंदाज, यामुळे ही लढाई विलायतेतल्या छंदमेळ्यांतही पुष्कळदा मांडतात. आपल्याकडे ती कोणी मांडीत नाही; हरलेली लढाई दिवाळीत कोण मांडणार?

असईच्या आकड्यांकडे पाहा. वेलस्लीच्या फौजेचे सुमारे 1,600 लोक मेले अगर जखमी झाले. त्यांचा हिशेब पलटणवार लिहिलेला आहे. मराठ्यांच्या 98 तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, तोही आकडा नेमका आहे. मराठ्यांकडचे मेले किती? तेथे मात्र अंदाज सांगतात. तोफा मोजल्या गेल्या, कारण त्या जिंकणाऱ्याच्या मालकीच्या झाल्या. गोलंदाज कोणाच्याच मालकीचे उरले नाहीत, म्हणून ते कोणी मोजले नाहीत.

ही लढाई वेलस्लीने जिंकली ती नुसत्या संगिनींवर नव्हे. म्हैसूरचे निवडक बैल त्याच्या तोफा ओढीत होते. धान्य आणून पुरवणारे लमाणांचे तांडे त्याच्या मोहिमेचा आधार होते. तांदूळ किती, बैल किती, तांडा कोठवर आला, याची चिंता त्याच्या पत्रांत पानोपानी आहे. हा मनुष्य बैलांचे मोल जाणत होता. त्याची लढाई टेबलावर मांडणारे मात्र बैल आणि लमाण मांडलेच तर बहुधा कडेला, शोभेपुरते मांडतात. खेळाच्या नियमांत गोळीला फासा आहे, धैर्याला फासा आहे. भाकरीला सहसा नाही. टेबलावरचे शिपाई उपाशी राहत नाहीत, म्हणून भाकरी भाजणारे हातही तेथे लागत नाहीत.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? 14 जानेवारी 1761 चे पानिपत आपण विसरलेलो नाही. सदाशिवरावभाऊंच्या छावणीत लढवय्यांच्या बरोबर बुणग्यांचा केवढा मोठा लोंढा होता, हे आपण नेहमी त्रासिक सुरात सांगतो. जणू पराभव त्यांनीच केला. त्यांत यात्रेकरू आणि हौसे-गवसे होते हे खरे. पण त्यांतच मोतद्दार होते, नालबंद होते, पाणके होते, दळण दळणाऱ्या बाया होत्या. घोड्याला नाल मारणारा नसेल तर स्वार म्हणजे पायदळच. तरीही ‘बुणगे’ हा शब्द मराठीत शिवी होऊन बसला आहे.

येथे आमची एक घरची गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. आम्ही ज्या कारखान्यात उमेदीची वर्षे काढली त्याचे नाव सांगत नाही. तेथे एका वर्धापनदिनी कचेरीच्या दालनात काचेच्या पेटीत कारखान्याची सुरेख प्रतिकृती ठेवली गेली. धुराडे होते, टाक्या होत्या, झाडे होती, फाटकातून बाहेर पडणारे मालाचे ट्रक होते, व्यवस्थापकांची पांढरी मोटार सुद्धा होती. आमच्या खात्यातला एक सोबती पेटीभोवती दोन फेऱ्या घालून म्हणाला, “आपण सुट्टीवर आहोत वाटतं.” सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्याच वर्षी कंत्राटी कामगारांची नावे हजेरीपटावर घेण्यासाठी आम्ही भांडत होतो, आणि असे कामगार आमच्याकडे नाहीतच असे उत्तर आम्हांला मिळत होते. ती पेटी आणि ते उत्तर एकाच हाताचे होते.

शिपाई घडवणाऱ्यांचीही हीच तऱ्हा. न्यूरेंबर्गच्या कथलाच्या पलटणींना रंग देण्याचे काम गरिबांच्या घरी चाले. बाया आणि मुले नगावर मजुरी घेऊन एकेका शिपायाचा कोट रंगवीत. लंडनच्या शिशाच्या शिपायांनाही रंग चढवला तो पुष्कळसा बायकांच्या हातांनी. कोटाच्या बटणांवर ग्रंथ लिहिले गेले. त्या हातांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत?

आपल्या मातीच्या चित्रांचे तेच. कुंभार घरातली माणसे पावसाळ्यापासून कामाला लागतात. दोन भागांच्या साच्यात माती दाबायची, जोड पुसायचा, वाळवायचे, भाजायचे आणि मग रंगवायचे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी मातीची जागा प्लॅस्टरने घेतली आहे. आम्ही एका कारागीर बाईंना विचारले की, सर्वांत वेळखाऊ काम कोणते? त्या म्हणाल्या, “डोळे. डोळा चुकला की मावळा झोपलेला दिसतो, मग गिऱ्हाईक घेत नाही.” गवळणी आता कमी करता का, असे विचारल्यावर म्हणाल्या, “मागणी मावळ्यांना आणि तोफांना. गवळण चार दिवाळ्या तशीच पडून राहते.”

हे ऐकून आम्हांला ती स्पर्धा आठवली. आमचे परीक्षकमित्र एकटे नव्हते तर! बाजारच त्यांच्या बाजूने मत देऊ लागला आहे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजी. आपणां सर्वांना आनंद होणे साहजिकच आहे. परंतु जो वारसा म्हणून जगाने मानला तो किल्ला नीट पाहावा. पन्हाळ्यावर तोफांइतकीच पाहण्यासारखी वास्तू कोणती? अंबारखाना, म्हणजे धान्याची कोठारे. रायगडावर चढून गेल्यावर काय दिसते? गंगासागर तलाव आणि बाजारपेठेची दुतर्फा जोती. पाणी, धान्य आणि बाजार यांवाचून किल्ला म्हणजे उंचावरचा दगड. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे. ते एक नाव राहिले हे आपले भाग्य. पण त्या पायरीचा दगड ज्याने फोडला तो पाथरवट, ज्यांनी तो वर चढवला ते बेलदार आणि ते बैल, यांची नावे कोठल्या पायरीवर आहेत?

आणि गवळण? त्याच रायगडावर हिरकणी बुरूज आहे. दूध घालायला आलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे मिटल्यावर घरच्या तान्ह्या मुलासाठी कडा उतरून गेली, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. ती आख्यायिका आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे, हे आम्हांला मान्य. पण गडावर रोज दूध चढत होते, ते कोणीतरी डोक्यावरून चढवीत होते, यासाठी कोणत्या पुराव्याची गरज आहे? लोकांनी एका बुरुजाला सरदाराचे नाव न देता दूधवालीचे दिले. म्हणजे लोकांच्या आठवणीत तिची हजेरी लागलेली होती.

म्हणूनच दिवाळीच्या किल्ल्याबद्दल आम्हांला विशेष अभिमान वाटतो. विलायतेत विद्वानांनी, सेनापतींनी आणि हौशी मंडळींनी मिळून अत्यंत बारकाईने लढाया मांडल्या. बटणाचा रंग चुकू दिला नाही आणि चाळीस हजार माणसे उचलून ठेवली. आमच्या पोरांनी मोजमाप सारे चुकवले. गवळण दरवाजापेक्षा उंच केली, टोपलीत टोमॅटो ठेवले. पण गवळण ठेवली, शेतकरी ठेवला, वासुदेव ठेवला. ती चित्रे कोणी अभ्यास करून तेथे आणली नाहीत. कुंभाराने जी माणसे रोज पाहिली ती त्याने साच्यात घातली. मोजमाप उद्या सुधारता येईल. टोमॅटो काढून वांगी ठेवता येतील. एकदा वगळलेले माणूस परत आणणे किती कठीण असते, ते सायबोर्नच्या टेबलावर पाहावे.

गेल्या दिवाळीपासून आमच्या वस्तीतील स्पर्धेच्या नियमांत आम्ही एक कलम घालून घेतले आहे. शंभरांपैकी वीस गुण किल्ल्यावर माणसे जगतात कशी याला. पाणी कोठून येते, धान्य कोठे साठवले आहे, ते कोणी आणले, हे मुलांनी परीक्षकांना दाखवायचे. कलम मंजूर करताना पुन्हा मते घ्यावी लागली. या खेपेस आम्ही एका मताने जिंकलो. आणि सांगण्यास आनंद वाटतो की, ते एक मत आमच्या त्या परीक्षकमित्रांचे होते. टोमॅटोला मात्र ते अजूनही एक गुण कापतात, आणि तेवढे योग्यच आहे.